खंडेनवमीला बसच्या टाकीत ओतलेल्या तीर्थाबाबत

नाव : नरसिंहराव रामचंद्र हुदलीकर
वय : ६७ वर्षे
धंदा : पौरोहित्य. त्यापूर्वी बोम्मसंद्रा येथील एका कारखान्यात डिझेल इंजिनांची चाचणी
राहणार : बनशंकरी, बेंगळुरू

मी आज ठाण्यात स्वतः येऊन, कोणाच्या दबावाशिवाय, विचारल्यावरून सांगतो ते असे :

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. मूळ गाव हुदली, जिल्हा बेळगाव. मला कन्नड बोलता येते. कायद्याची कन्नड कळत नाही. ती आम्हालाही कळत नाही, असे हेड कॉन्स्टेबल बसवंत चौगुले म्हणाले. ते निपाणीचे आहेत. म्हणून हा जबाब ते मराठीत लिहून घेत आहेत. कन्नड तर्जुमा सोबत जोडला जाईल. तोही तेच करणार आहेत. प्रश्न सब-इन्स्पेक्टर कावेरी मॅडम कन्नडमध्ये विचारत आहेत.

पौरोहित्य आमच्या घरात पूर्वीपासून आहे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी ते हाती घेतले. वास्तुशांत, सत्यनारायण ही कामे इतरांकडे जातात, कारण माझा आवाज बसका आहे. इंजिनांच्या खोलीत आयुष्यभर ओरडून तो बसला. माझ्याकडे वाहनपूजा येतात. वाहनपूजेत आवाज कोणी ऐकत नाही. पूजेला गेल्यावर मी आधी इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून बघतो, मग गणपतीची सुपारी मांडतो. या क्रमाबद्दल अद्याप कोणी तक्रार केलेली नाही.

या प्रकरणातील फिर्यादी विश्वासराव इंगवले यांना मी ओळखतो. ते मूळचे कोल्हापूरचे. त्यांच्या स्टाफ बस आहेत. कारखान्यांतल्या बायकांना घरून इलेक्ट्रॉनिक सिटीला नेणे-आणणे हा त्यांचा व्यवसाय. बोम्मसंद्र्यात त्यांचे यार्ड आहे. तिथल्या सर्व पूजा माझ्याकडे असतात. असत, असे लिहावे.

यल्लव्वा तळवार हिलाही ओळखतो. वय पस्तीसच्या आसपास, चिकोडी तालुक्यातली. ती याच यार्डात बस धुण्याच्या कामावर होती. दोन वर्षांपूर्वी तिने जड वाहनाचे लायसन काढले. चाचणीसाठी तिने माझ्याकडून मुहूर्त घेतला होता आणि त्या दिवशी उपास केला होता. ती पहिल्या प्रयत्नात पास झाली. तेव्हापासून ती बस चालवते आणि भेटेल त्याला सांगते की भट्रेंच्या मुहूर्तावर पास झाले. भट्रे म्हणजे मी. हे ती सांगते म्हणून मला आणखी काही पूजा मिळाल्या.

तिचे लायसन सध्या या टेबलाच्या खणात आहे. ती सकाळपासून बाहेरच्या बाकावर आहे. लायसन गेले तर ती पुन्हा बस धुवेल. हे मला कोणी विचारलेले नाही. मी सांगत आहे.

फिर्याद मला वाचून दाखवली. तिचा आशय असा की, यल्लव्वाने खंडेनवमीला मुहूर्तावर नवी बस चालू करण्यास जाणूनबुजून नकार दिला, मालक रागावले म्हणून नंतर सूडाने युरियाच्या टाकीत पाणी ओतले, आणि इंजिन निकामी होऊन बस उड्डाणपुलावर अडकली. त्यामुळे विश्वासरावांचे एका कारखान्याचे काम गेले. काम गेले हे खरे आहे. बाकीचे मी पाहिले ते खाली सांगतो.

कावेरी मॅडमनी युरियाची टाकी म्हणजे काय, असे विचारले. नव्या बसला दोन टाक्या असतात. एक डिझेलची. दुसरी लहान, निळ्या झाकणाची. तिच्यातला द्रव जाळण्यासाठी नसतो. तो धुराच्या नळीत फवारला जातो आणि धूर साफ होतो. सगळे त्याला युरिया म्हणतात. दिसायला तो पाण्यासारखा असतो. त्यात भलते काही पडले तर बस लगेच बंद पडत नाही. आधी चालकापुढचा दिवा लागतो. दुर्लक्ष केले तर ताकद कमी होते. तरीही दुर्लक्ष केले तर शेवटी बस माणसाच्या चालीने चालते. मॅडम म्हणाल्या, इतक्या वेळा सांगूनही माणूस ऐकत नाही का. मी म्हणालो, बनवणाऱ्यांनी माणूस बघूनच हे बसवले आहे.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, मी सकाळी यार्डात गेलो. नवी बस मध्यभागी उभी होती. पुढे दोन केळीचे खुंट बांधले होते. आरशावर झेंडूची माळ होती, त्यामुळे आरशात झेंडूशिवाय काही दिसत नव्हते. यल्लव्वा चालकाच्या जागेवर बसून माळ वर सारत होती आणि विश्वासराव खालून ती पुन्हा ओढत होते. मी तिला ऑइल बघितलेस का, असे विचारले. ती म्हणाली, "ऑइल बघितलं, पाणी बघितलं, टायर बघितले. देव तेवढा ऱ्हायलाय भट्रे, तो तुम्ही बघा."

मुहूर्त मी पावणेनऊ ते नऊ असा दिला होता. नवाच्या आत बस चालू करून चाकाखाली लिंबे चिरडायची, असे ठरले होते.

पूजा चालू असताना विश्वासराव तीर्थाचा कलश उचलून बसच्या बाजूला गेले. मला वाटले ते पाणी शिंपडणार. त्यांनी झाकणाच्या वेगळ्या किल्लीने निळे झाकण उघडले आणि कलश टाकीत उपडा केला. मग फोडलेल्या नारळाचे पाणी ओतले. मग पंचामृताचे पातेले उचलले. मी हे सर्व पाहिले. मी डोळे मिटून मंत्र म्हणत नाही. चालू इंजिनापाशी उभे राहून डोळे उघडे ठेवायची सवय लागली, ती गेली नाही.

त्या वेळी मंत्राच्या तीन ओळी बाकी होत्या. चालू मंत्र मध्ये सोडत नाहीत. मी उरलेल्या ओळी जितक्या भरभर म्हणता येतील तितक्या म्हटल्या. तोवर पंचामृत संपले होते.

मॅडमनी विचारले की, तुम्ही त्याच क्षणी ओरडला का नाही. मी उत्तर दिले की, चालत्या गाडीतून कोणी उडी मारत नाही, तसे ते असते. आता विचार करता हे उत्तर बरोबर वाटत नाही. परंतु दिलेले उत्तर खोडता येत नाही, असे बसवंत म्हणाले.

मंत्र संपताच मी विश्वासरावांना म्हणालो, "हे काय केलंत?"

ते म्हणाले, "गेल्या वर्षी बाहेरनं शिंपडलं की ओ गुरुजी. जुन्या बसचं इंजिन बसलं. यंदा आतनं."

मी म्हणालो, "अहो, टाकीत पाणी."

ते म्हणाले, "डिझेलमध्ये पाणी घालायला मी काय खुळा आहे? युरियात घातलं. त्यात निम्म्यावर पाणीच असतंय. कंपनीवाले साधं पाणी घालतात, आपलं तर तीर्थ आहे."

त्यात निम्म्याहून अधिक पाणी असते, ही त्यांची माहिती बरोबर आहे. मी त्यांना सांगितले की त्या पाण्यात केळ्याचे काप आणि साखर नसते. बस चालू करू नका, टाकी आत्ताच खोलून रिकामी करा, धुऊन नवा युरिया भरा, चालू केली नाही तोवर काही बिघडलेले नाही. ते म्हणाले, "तीर्थ गटारात सोडायचं? गुरुजी, तुम्ही हे बोलताय?"

नंतर त्यांनी यल्लव्वाला बस चालू करायला सांगितले. तिने माझ्याकडे बघितले. मी नकारार्थी मान हलवली. तिने किल्ली काढून शर्टाच्या खिशात घातली. त्यांच्यात झालेले बोलणे असे :

"यल्लव्वा, चालू कर. मुहूर्त चाललाय."

"भट्रे नको म्हणायलेत, मालक."

"भटजींनी मुहूर्त बघायचा. इंजिन मी बघतो."

"मग उलटंच झालंय की हितं. भट्रे इंजिन बघायलेत आणि तुम्ही मुहूर्त."

लोक हसले. ते हसले नसते तर पुढचे घडले नसते, असे माझे मत आहे. मत लिहीत नाहीत, असे बसवंत म्हणाले. लोक हसले, एवढे लिहावे.

विश्वासराव म्हणाले, "बस माझी. टाकी माझी. इंजिन माझं."

यल्लव्वा म्हणाली, "पाय माझा हाय. तो मी ठेवणार न्हाई." आणि ती खाली उतरली. किल्ली तिच्याजवळच होती.

मुहूर्त टळला. विश्वासरावांनी ऑफिसातून दुसरी किल्ली आणली व स्वतः चढले. त्यांच्याकडे जड वाहनाचे लायसन नाही. ते यार्डाबाहेर गेले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो.

डिझेल इंजिन थंड असताना चालू केले की पाय बाजूला ठेवायचा असतो. ऑइल वरपर्यंत पोहोचू द्यायचे असते. त्याला फार वेळ लागत नाही. यल्लव्वा रोज तेवढ्यात केस पुन्हा बांधून घेते. विश्वासरावांनी चालू करताक्षणी ॲक्सिलरेटर तळाला दाबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यल्लव्वाने कानांवर हात ठेवले. पुढच्या चाकांखाली दोन लिंबे होती. एक चिरडले. दुसरे निसटून गटाराकडे गेले. ते अशुभ असे कोणीतरी म्हणाले, म्हणून बस मागे घेऊन लिंबू पुन्हा चाकाखाली ठेवण्यात आले. या हालचालीत एक केळीचा खुंट गेला. इतके रेस केलेले इंजिन थोडा वेळ शांत चालू ठेवून मग बंद करतात, कारण इंजिनात हवा दाबणारा टर्बो तापलेला असतो. त्यांनी फोटो काढायचा म्हणून तत्काळ बंद केले. फोटोत मी आहे. माझा चेहरा चांगला आलेला नाही.

यानंतरचे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. दसऱ्यानंतर बस कामावर लागली. दिवा लागला. यल्लव्वाने मालकांना सांगितले. मालक म्हणाले, दिवाच आहे, लागू दे. तिने पुन्हा सांगितले. त्यावर त्यांनी काय केले हे तिच्या सांगण्यावरून लिहू नका. मेकॅनिक चंदन याने बस तपासताना त्या दिव्यावर देवाचा लहान स्टिकर चिकटवलेला आढळला. तो स्टिकर मला दाखवण्यात आला. अशा स्टिकरचे पाकीट विश्वासरावांच्या ऑफिसात असते. त्यातलाच एक त्यांनी मला दिला होता. तो आमच्या फ्रिजवर आहे. पोलिसांना हवा असल्यास काढून आणतो, मात्र तो सहज निघत नाही.

ज्या दिवशी बस अडकली त्या दिवशी मला यल्लव्वाचा फोन आला. ती म्हणाली, "भट्रे, बस चालायली, पण बायका उतरून पुढं जायलेत." मी तिला डावीकडे घेऊन थांबायला सांगितले. ती म्हणाली, "घेतलीच हाय. तुम्हाला उगं सांगायला फोन केला." मागे बरीच वाहने अडकली, असे फिर्यादीत आहे. असतील. हळू चाललेल्या बसमागे वाहने अडकतात.

चंदनने टाकीच्या जाळीतून काढलेल्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत मला दाखवण्यात आल्या. मी त्या ओळखल्या. तुळशीची पाने माझी आहेत. आमच्या गॅलरीत ऊन कमी येते म्हणून ती अशी बारीक असतात. अक्षताही माझ्या आहेत. त्यांना हळद लावलेली आहे. यल्लव्वाला सूड घ्यायचा असता तर तिने तांदळाला हळद लावली नसती. तिने उरलेले तीर्थ चोरून नंतर ओतले असेल, असे फिर्यादींचे म्हणणे आहे. तीर्थ उरले नव्हते. जमलेल्या लोकांना मी त्या दिवशी नळाचे पाणी दिले. त्यांना फरक जाणवला नाही.

काल संध्याकाळी विश्वासराव माझ्या घरी आले होते. शाल आणि फळे घेऊन आले होते. ते म्हणाले, "गुरुजी, खोटं बोला म्हणत नाही. मुहूर्त तिच्यामुळं टळला, एवढंच सांगा. टळला तर आहेच. मुहूर्त टळला म्हणून विघ्न आलं, हे शास्त्रच आहे की." पुढच्या वर्षी त्यांच्या चुलतभावाच्या लॉऱ्यांची पूजाही माझ्याकडे देणार असल्याचे ते म्हणाले. मी शाल परत केली. फळे परत करता आली नाहीत. पत्नीने पपई कापली होती.

मॅडमनी मला स्पष्ट विचारले की, मुहूर्त यल्लव्वामुळे टळला हे खरे आहे का.

याचे उत्तर मी विचार करून देतो. जो नव्हता तो टळू शकत नाही. मी वाहनांचे मुहूर्त पंचांगातून देत नाही. सुरुवातीला देत असे. एकदा पंचांगाप्रमाणे ऐन रहदारीत मुहूर्त आला आणि नवी लॉरी यार्डाच्या फाटकातच एका रिक्षाला घासली. तेव्हापासून मी मुहूर्त रस्ता बघून देतो. खंडेनवमीचा मुहूर्त नवाच्या आत ठेवला, कारण त्यानंतर यार्डासमोर पाण्याचे टँकर लागतात आणि बस बाहेर काढता येत नाही. त्यात ग्रहांचा संबंध नाही. यल्लव्वाने काहीही टाळलेले नाही. त्या दिवशी यार्डात इंजिनाशी नीट वागलेली ती एकटीच होती. मी दुसरा असतो, पण मी तीन ओळी म्हणत होतो.

इथे बसवंत यांनी लिहिणे थांबवले. त्यांच्या मोटरसायकलची पूजा मी केली होती. त्यांनी विचारले, "म्हणजे आमच्या गाडीचा मुहूर्त, गुरुजी?"

मी म्हणालो, "तुमची रात्रपाळी सुटायची वेळ बघितली होती."

ते म्हणाले, "मी तर त्यासाठी अर्धा तास फाटकात उभा होतो."

मी म्हणालो, "पाळी उशिरा सुटली तर असावा म्हणून अर्धा तास जास्त धरला होता."

त्यांनी मॅडमना विचारले की हे लिहायचे का. मॅडम म्हणाल्या, "बरीरी." म्हणजे लिहा. म्हणून वरील मजकूर लिहिला आहे.

मॅडमनी मला बजावले की, हा जबाब कामात वापरला जाईल आणि फिर्यादी तो वाचू शकतील. मी म्हणालो, वाचण्याची वाट कशाला, दार उघडे ठेवून मोठ्याने वाचा. माझा आवाज बसका आहे, बसवंतांचा चांगला आहे.

पुढील वर्षीच्या पूजांविषयी मला काही सांगायचे नाही.

पुरवणी : वरील जबाब हेड कॉन्स्टेबल चौगुले यांनी दार उघडे ठेवून वाचला. बाहेरच्या एका बाकावर विश्वासराव होते, दुसऱ्यावर यल्लव्वा. वाचन संपल्यावर विश्वासराव म्हणाले, "गुरुजी, तुम्ही आमच्या घरचं माणूस." मग त्यांनी विचारले की टाकी धुवायला कधी सोडू. मी म्हणालो, आत्ता. ते म्हणाले, आत्ता राहुकाळ आहे. मी म्हणालो, चंदनला फोन करा.

कावेरी मॅडमनी खण उघडून लायसन यल्लव्वाच्या हातात दिले. तिने ते दोन्ही बाजूंनी बघितले. खिशात घातले नाही. मला म्हणाली, "भट्रे, ह्याचा मुहूर्त तुम्हीच दिला होता."

मी हो म्हणालो.

"तो पण असाच?"

मी हो म्हणालो.

"मी पाणी सुद्धा प्याले न्हवते त्या दिवशी."

मी तिला सांगितले की चाचणीच्या मैदानावर पहिले दोघे-तिघे थंड इंजिनावर गाडी फिरवतात. गिअर अडतात, गाडी बंद पडते, ते नापास होतात. तोवर इंजिन गरम होते. तिचा नंबर त्यांच्यानंतर लागावा, अशी वेळ मी सांगितली होती. दुसरे काही नाही.

तिने लायसन पुन्हा एकदा उलटून बघितले. मग म्हणाली, "म्हणजे गाडी तेवढी गरम होती."

"हो."

"बाकीचं मीच केलं की."

आणि ती पाणी कुठे आहे ते विचारून आत गेली.

हे शेवटचे बोलणे प्रकरणाशी संबंधित नाही, काढून टाकू का, असे बसवंत यांनी विचारले. राहू द्या, असे मी सांगितले. हा जबाब पुरवणीसह मला मराठीत ऐकवला. मी बोललो तेच त्यात आहे, खोडाखोड नाही, जास्तीचे काही नाही. कबूल म्हणून सही करतो.

नरसिंहराव रामचंद्र हुदलीकर

समक्ष लिहून घेतला : बसवंत चौगुले, हेड कॉन्स्टेबल